खळ्याचा नमस्कार

मोरिवलीच्या आमच्या खोलीत कुणाचा पाय कुणाला लागणार नाही अशी जागाच नव्हती. एकच खोली, मागे मोरी, पुढे हातभर ओटा. मामा कंपनीत शिफ्टला जायचा, त्यामुळे निम्मा दिवस तो भिंतीकडे तोंड करून झोपलेला असायचा, आणि स्टोव्हपासून पाण्याच्या पिंपापर्यंत जायचं तर त्याच्या पायांवरूनच जावं लागायचं. मामी पोटुशी होती. तिला मांडी घालता यायची नाही, म्हणून ती पाय पसरून भाकऱ्या थापायची. मध्ये सुमी, मामाची पोरगी, जिथे रिकामी फरशी दिसेल तिथे लोळणारी. मग दिवसभर चालायचं काय, तर पाय लागला, वाक, हात लाव, छातीला ने. परत लागला, परत वाक. झोपलेल्या मामालासुद्धा. मामी देशावरची, साताऱ्याकडची, आणि मी बारवी धरणाच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीवरची. आमचं जेवणात काही म्हणता काही जुळत नव्हतं. ती ज्वारीवाली, मी तांदळाची भाकरी मागणारी; तिला माझ्या सुकटीच्या वासाने मळमळायचं आणि मला तिच्या ठेच्याने डोळ्यांतून पाणी यायचं. पण पायाच्या बाबतीत दोन्हीकडचा कायदा एकच होता. आई सांगायची, पाय लावून तशीच गेलीस तर त्याचं दुखणं तुझ्या पायात येईल. मामी म्हणायची, वळण. कारण वेगवेगळं, वाकणं तेच.

त्या खोलीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. लगेचच मागे कंपनीची भिंत, आणि भिंतीपलीकडे कुठलीतरी प्रेस मशीन. ती खाली आली की फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. आम्हाला त्याची इतकी सवय होती की मशीन बंद पडली की मामा झोपेतून दचकून उठायचा. भोंगा झाला की रिक्षांची रांग, रिक्षांतून उतरणारी माणसं, आणि वाऱ्याची दिशा फिरली की घशाला झोंबणारा तो औषधी वास. मामा कंपनीच्या कँटीनमधून उकडलेलं अंडं खिशातून घरी आणायचा. स्वतः खायचा नाही. मामी शिवायचा दोरा दातात धरून त्या अंड्याच्या चार फोडी करायची, सुरीने म्हणे बलक सांडतो. चौथी फोड माझी. ती मला पहिल्या दिवसापासून मिळाली, आणि ती तोंडात टाकताना मला रोज वाटायचं की ही फोड खरं म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी आहे. मी परक्याच्या घरात होते असं कुणी मला कधी जाणवू दिलं नाही. पण मला आपलं ते आपोआप जाणवायचं. माझा स्वभावच तसा, आज इतक्या वर्षांनी जामनगरला, स्वतःच्या घरातही मी पाहुण्यासारखी कडेकडेने चालते असं आमच्या घरातली माणसं म्हणतात.

वाडीवर शाळा चौथीपर्यंत, म्हणून मी मामाकडे आले होते. मोरिवलीजवळची शाळा सातवीपर्यंत होती. तिच्या कंपाउंडच्या पलीकडे हायस्कूल. सातवीनंतर काय, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. हायस्कूलच्या आठवीत जागा थोड्या, आधी त्यांच्या स्वतःच्या मुली घ्यायच्या, आमच्यासारख्या बाहेरगावच्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. मामा एकदा जेवताना म्हणाला होता, "यमे, आठवीत घेतलं तर राहा. जागेचं काय, होते. नाही घेतलं तर मात्र रिकामी बसवून काय करू तुला? वाडीवर जा, आईला हात होईल." त्यात वाईट काही नव्हतं. वाडीवर माझ्या वयाच्या सगळ्या मुली तेच करत होत्या. लाकडं आणायची, भात लावायचं, आणि मग लग्न. मला काय व्हायचं होतं ते माहीत नव्हतं. पण वर्गात बसायला मला फार आवडायचं, एवढं माहीत होतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि हायस्कूलच्या पी.टी.च्या बाई आमच्या सातवीच्या वर्गात आल्या. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेली शिट्टी. म्हणाल्या, मुलींच्या फुटबॉल टीममधल्या दहावीच्या मुली अभ्यासाला बसल्यात, टीमला मुली कमी पडतायत, तर सातवीतल्याही बघायच्या आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ग्राउंडवर या. मग दारापर्यंत जाऊन परत वळल्या. "आणि टीममध्ये जी येईल तिला आठवीत घ्यायचं माझ्याकडे लागलं."

मी तोवर फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण पळण्यात मी वाडीवरच्या पोरांना ऐकत नव्हते. शनिवारी मामीने मला माझ्या फोडीबरोबर तिची स्वतःची अंड्याची फोडही दिली. "खा. पायात जोर येतो," म्हणाली.

ग्राउंड म्हणजे खडी मिसळलेली कडक माती आणि दोन्ही टोकांना बांबू. हायस्कूलच्या मुलींच्या पायात बूट, आम्ही सातवीच्या अनवाणी. त्यांची कॅप्टन कविता, नववीतली. उल्हासनगरहून यायची, सिंधी, तिचं मराठी आणि हिंदी एकाच श्वासात निघायचं. अंगाने दांडगी, केसांचा घट्ट अंबाडा. बाईंनी आम्हाला तिच्या समोरच्या बाजूला घातलं आणि मला मागे, गोलच्या जवळ उभं केलं. "ही बॉल घेऊन आली की तू आडवी जायचं. एवढंच काम."

ती आली. मी आडवी गेले. बॉल माझ्या पायाला लागून सुटलाही, आणि त्याच झटक्यात माझा पाय तिच्या नडगीवर बसला. पुढचं मी ठरवून केलं नाही. मी थांबले, वाकले, तिच्या नडगीला हात लावला आणि छातीला नेला. तोवर तिने बॉल परत घेतला होता आणि बांबूतून पार केला होता.

"ए!" कविता कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. "ये क्या करतेय तू?"

"पाय लागला," मी म्हटलं.

"फुटबॉल आहे यार! पाय नाही लागणार तर काय लागणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि पुढच्या वेळेला परत तेच. तिसऱ्या वेळेला हात अर्ध्यावर अडवला तर पाय अडखळले आणि मीच पडले. एकदा तर माझ्याच बाजूच्या मुलीला धक्का लागला, आणि मी तिच्या पाया पडत असताना आमच्यावर गोल झाला. "पुजारन!" कविता लांबून ओरडायची. "हे ग्राउंड आहे, देऊळ नाही! बॉल बघ ना, बॉल!" मग मला येताना बघून मुली मुद्दाम पाय पुढे करायला लागल्या. "घे गं, आशीर्वाद घे."

शेवटी बाईंनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, झालं, उद्या वाडीवर. पण त्या माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होत्या. "पळतेस चांगली. घाबरतही नाहीस. पुढच्या शनिवारी परत ये. पण तो नमस्कार घरी ठेवून ये. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

तो आठवडा आमच्या खोलीत काय चालला होता ते सुमी अजून रंगवून सांगते. ती आता बदलापूरला मांजर्लीत राहते, आजी झाली आहे. गेल्या महिन्यात तिने मला व्हिडिओ पाठवला, तिची नात शाळेच्या टीमसाठी खेळून दाखवतेय, पायात पोपटी बूट, आणि खाली सुमीने लिहिलं होतं, 'तुझे हात मीच बांधले होते, विसरू नकोस.' विसरणार कशी? ती कल्पना मामाची. सवय हातात आहे ना, मग हात बांधा. सुमीने मामीच्या जुन्या साडीच्या काठाने माझे हात पाठीमागे बांधले आणि आम्ही ओट्यासमोर जुन्या कपड्यांच्या बोळ्याने खेळायला लागलो. सुमीला पाय लागला. हात आले नाहीत, पण कंबर वाकली ती वाकलीच, आणि मी सरळ तोंडावर गटाराच्या कडेला. ओठ फुटला. मामा मला उचलताना म्हणाला, "मशीन असती तर खोलून बघितली असती."

मग मी दुसरा उपाय केला. घरात पाय लागला तरी वाकायचं नाही असं ठरवलं. पिंपाकडे जाताना माझा पाय मामीच्या पोटरीला लागला. मी पुढे गेले. पाणी घेतलं. परत आले. मामीने भाकरी थापायची थांबवली नाही, फक्त वर बघितलं. माझ्या पायात कळ येतेय असं मला खरोखरच वाटायला लागलं. आणि तिच्या पोटात बाळ. त्याला काही झालं तर? मी तांब्या खाली ठेवला आणि हुंदके द्यायला लागले. सगळं सांगितलं, आठवीचं, बाईंचं, पुजारन म्हणतात त्याचं.

मामी इतकी हसली की तिने पिठाच्या हातांनी पोट धरलं. "अगं येडे, माझ्या पोटातलं हे कारटं दिवसभर लाथा मारतंय मला. ते कुठं पाया पडतंय?" मलाही हसू आलं. पण हसून झाल्यावर मी वाकून तिच्या पोटरीला हात लावलाच. तिने डोक्यावर टपली मारली. "नाही सुटायची गं ही तुझी. माझीही नाही सुटायची. दुसरं काहीतरी बघ."

त्याच सुमाराला वाडीवरून बा आला. मामीसाठी नवे पोहे आणि उकडायला करांद्याचे कंद घेऊन. झोडणी झाली होती, मळणी राहिली होती, हात कमी पडत होते, म्हणून एका दिवसासाठी मला न्यायला आला होता. मी मुकाट गेले. एसटीतून उतरून डोंगराची वाट चढताना बा पुढे, मी मागे, आणि माझ्या डोक्यात एकच, की ही वाट आता कायमची होणार.

सकाळी खळ्यावर गेले तर आईने शेणाने सारवून ठेवलेलं, मधल्या खांबाला, मेढीला, हळदकुंकू लावलेलं. झोडून उरलेला पेंढा पसरून बैल त्यावर गोल फिरवायचे आणि त्यांच्या मागून आपण पायांनी तुडवत जायचं, म्हणजे राहिलेलं भात सुटतं. हे मी चालायला लागल्यापासून करत आले होते. आईने मेढीला नमस्कार केला, बाने केला, मी केला, आणि बैलांमागे चालायला लागले. पायाखाली पेंढा करकरत होता, मधूनच दाणे टोचत होते. दोन फेऱ्या झाल्या असतील आणि मी एकदम उभी राहिले. मोरिवलीत फरशीवर शिताएवढा दाणा सांडला तरी आम्ही तो उचलून कपाळाला लावतो, आणि इथे मी सकाळपासून त्याच्यावर नाचतेय. एकदाही वाकले नाही. हातसुद्धा हलला नाही.

"आये," मी हाक मारली, "भात पायाखाली येतंय. पाप नाय लागत?"

आईला वाटलं मी कामाचा कंटाळा करतेय. "चाल पुढं, बैल निघालं."

"सांग ना. नाय लागत?"

"सकाळला सांगितलंय ना त्याला? मेढीला हात कशाला जोडलंस मग? एकदा सांगून ठेवलं का दिसभर चालतं. त्याला ठावं हाय, तुडवल्याबगार भात व्हत नाय."

"आन सांजंला?"

"सांजंला परत हात जोडायचं. चाल आता, का बैलाच्या शेपटीला बांधू?"

मी चालायला लागले. त्या दिवशी मी इतकं तुडवलं की बा म्हणाला, या पोरीला शाळेत काय खायला घालतात.

पुढच्या शनिवारी दोन्ही बाजू उभ्या राहिल्या आणि बाईंनी शिट्टी तोंडात धरली, तशी मी हात वर केला. "बाई, एक मिनिट." मी मधोमध गेले, मातीला हात लावून कपाळाला लावला. तिथून एका कडेने सुरुवात केली. आमच्या बाजूच्या, समोरच्या, गोलमधली, सगळ्यांच्या पाया पडत निघाले. आरडाओरडा सुरू झाला. "अगं, लग्न आहे का हिचं आज?" "अष्टपुत्रा हो गं बाई!" बाईंच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली होती. शेवटी मी कवितासमोर आले. ती दोन पावलं मागे सरकली.

"आता काय हे? अजून तर पाय लागलाच नाही!"

"आत्ताच सांगून ठेवते," मी म्हटलं. "आता खेळ संपेपर्यंत नाही. संपल्यावर परत."

कविताने बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे लाथ मारायची परमिशन घेतेय ही! ले, दिली. पण मग मीपण मारणार हां."

शिट्टी झाली. पहिल्यांदा ती बॉल घेऊन आली तेव्हा मी आडवी गेले आणि पाय तिच्या नडगीवर सणसणून बसला. नमस्काराला हात सुटले माझे. गुडघ्यापर्यंत आले असतील. सांगितलंय ना, मी मोठ्याने म्हटलं, तोंडाने, आणि बॉलच्या मागे धावले. बॉल माझ्याकडे होता! त्याचं पुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून मी तो जीव खाऊन समोर मारला, रेषेच्याही बाहेर. पण बाई ओरडल्या, "शाब्बास!" मग कविताने मला खांद्याने पाडलं. मी उठले. मी तिला अडवलं. तिने मला चुकवून गोल केला, दोनदा केला, खोटं कशाला सांगू. अंगठ्याचं नख उलटलं. तरी पेंढ्यात चालावं तशी मी मागेपुढे होत राहिले, पुढे बैल आहे आणि आपण थांबायचं नाही, एवढंच डोक्यात. ती आली की "सांगितलंय ना", आणि आडवी. थोड्या वेळाने माझ्या बाजूच्या मुलीही ओरडायला लागल्या, "सांगितलंय ना!"

संपल्याची शिट्टी झाली तेव्हा माझ्या छातीत धाप मावत नव्हती. मी मधोमध गेले, मातीला हात लावला आणि पहिल्यांदा कवितापाशी गेले. तिची नडगी मोज्याच्या वर निळी झालेली दिसत होती. मी वाकले तर तिने माझं मनगट धरलं. "रुक रुक. तुझं काय, मी पण मारलीये तुला." आणि ती नववीतली दांडगी पोरगी खाली वाकली, माझ्या मातीने भरलेल्या गुडघ्याला हात लावला आणि छातीला नेला. जरा चुकीच्या हाताने, डाव्या. कुणीही हसलं नाही.

इथे एक सांगून टाकते, म्हणजे कुणाला वाटायला नको की पुढे मी मोठी खेळाडू झाले. नववीत असताना मामाची कंपनी बंद पडली, मामी मुलांना घेऊन साताऱ्याला गेली आणि माझी शाळा तिथे सुटली. नंतर लग्न होऊन मी इकडे आले, नवरा वेल्डर, मी मेसमध्ये पोळ्या करते. शाळेची म्हणून माझ्याकडे एवढीच दोन वर्षं जास्तीची आहेत. पण ज्या गोष्टी मी आज वाचते, हे जे लिहिते आहे, माझ्या मुलींच्या शाळेत जाऊन त्यांच्या बाईंसमोर न घाबरता जे बोलले, ते सगळं त्याच दोन वर्षांतलं. मामीच्या त्या फोडीचं, कविताच्या त्या डाव्या हाताचं आणि बाईंचं ऋण माझ्या पायांत आहे, असं मी म्हणते.

बाईंनी नावं वाचली नाहीत. मुली पांगल्या तशी त्यांनी मला हाक मारली. "पायाचा नंबर काय तुझा?"

"माहीत नाही बाई." नंबर असायला आधी बूट घ्यावे लागतात.

त्यांनी पिशवीतून जुना पेपर काढला, जमिनीवर पसरला. "उभी राहा यावर." आणि त्या स्वतः खाली, त्या खडीत, मांडी घालून बसल्या. माझा घोटा हातात धरला आणि पेन्सिलीने पायाच्या कडेकडेने रेघ ओढायला लागल्या. मी पाय मागे ओढला. "बाई, पाय आहे तो!"

"मग? बुटात काय हात घालणार आहेस?" त्यांनी पाय परत पेपरवर ठेवला. "आत्ता सैल घेते. आठवीतही हेच घालायचे आहेत तुला."

आठवीत. मी ऐकलं आणि लगेच वाकले, त्यांच्या पायांकडे हात नेला. बाईंनी पेन्सिल माझ्या हातावर आपटली.

"खेळ संपेपर्यंत नाही, असं कविताला तूच म्हणालीस ना? तुझा आत्ता कुठे सुरू होतोय. सरळ उभी राहा, माप हलतंय."

मी दोन्ही हात छातीशी धरले आणि सरळ उभी राहिले.